घरासाठी बीपीचं मशीन: आधी दंड मोजा, मग दुकानात जा

घरात बीपी मोजायचं असेल तर दंडावर बांधायचं, बटण दाबलं की आपोआप फुगणारं साधं डिजिटल मशीन घ्यावं. मेडिकलमध्ये ते साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतं. त्याहून महाग मशीनमध्ये ब्लूटूथ, रंगीत पडदा, आकडा बोलून दाखवणारा आवाज अशा सोयी असतात, पण त्यांनी आकडा जास्त खरा होत नाही. आकडा खरा निघतो तो पट्टा दंडाच्या मापाचा असला आणि माणूस नीट बसलेला असला तर. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत, इथल्या उन्हात आणि इथल्या बसण्याच्या सवयींत हे मशीन कुठे चांगलं चालतं आणि कुठे फसवतं, ते पुढे मांडलं आहे.

मशीन हवंच कशाला, हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. ‘बीपी वाढलं की डोकं दुखतं, गरगरतं, कळतंच की,’ असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाही आणि तेवढ्या काळात मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय, किडनी आणि डोळ्यांचे पडदे खराब करत राहतं. पुष्कळांना ते पहिल्यांदा कळतं तेच लकव्याच्या दिवशी. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना त्याची गोळी चालू होती. म्हणजे सहा-सात मोठ्या माणसांच्या एकत्र कुटुंबात एखादं तरी माणूस यात असण्याचीच शक्यता जास्त.

दवाखान्यातला एकच आकडा धरून चालणंही बरोबर नाही. यावलहून जळगावला एसटीत उभ्याने आलेला, जिना चढून वर आलेला, नंबर लागेपर्यंत दोनदा चहा घेतलेला माणूस डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा त्याचं बीपी घरच्यापेक्षा वर असू शकतं. नुसत्या डॉक्टरांच्या समोर बसण्यानेही ते काहींचं चढतं. उलटही घडतं: दवाखान्यात वरचं बीपी (हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब) १३० दिसणाऱ्याचं ते घरी, शेतावर, रात्री १५० असतं, आणि हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कोणाच्या नजरेला येत नाही. घरचं मशीन या दोन्ही गोष्टी उघड करतं. त्याचं मोल यातच आहे.

दुकानात काय काय दाखवतात

मनगटावर बांधायचं मशीन लहान, सुबक असतं आणि दुकानदार ते आग्रहाने दाखवतात. म्हाताऱ्या माणसांसाठी ते घेऊ नये. मनगट हृदयाच्या उंचीवर धरलं नाही तर आकडा बिघडतो, आणि ते तसं धरून बसायला बहुतेकांना जमत नाही. दंड फारच जाड असल्याने कुठलाच पट्टा बसत नसेल, तेव्हाच मनगटाच्या मशीनचा विचार करावा, तोही डॉक्टरांना विचारून. बोटात घालायचं मशीन घेऊच नये. हातातली स्मार्ट घड्याळं जो आकडा देतात त्यांपैकी बऱ्याच घड्याळांना आधी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, मग अधूनमधून पुन्हा. गोळी ठरवायला तो आकडा चालत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपवर तर अजिबात विसंबू नका.

काट्याच्या घड्याळाचं, पंप मारून स्टेथोने ऐकायचं मशीन स्वस्त पडतं. पण ऐकणारा कान शिकलेला हवा. शिवाय पडलं, आपटलं की काटा सरकतो आणि वरून काही कळत नाही. ते दर सहा महिन्यांनी ते वर्षाने तपासून घ्यावं लागतं. पाऱ्याचं मशीन एकेकाळी सगळ्यांत भरवशाचं मानलं जाई. पारा विषारी असल्याने मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात अशी उपकरणं २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं आणि भारतानेही तो करार स्वीकारला. घरात जुनं पाऱ्याचं मशीन असेल तर मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि फुटलं तर पारा झाडूने झाडू नका.

उरतं ते दंडाचं डिजिटल. दुकानांत नेहमी दिसणारं ओमरॉनचं एचईएम-७१२० हे या प्रकाराचं नमुनेदार मशीन म्हणता येईल. त्यात चार पेन्सिल सेल लागतात, पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाला बसतो, कंपनी दाबाच्या आकड्यात ३ अंकांपर्यंतच्या फरकाची हमी देते, ठोके अनियमित असले की मशीन खूण दाखवतं. कमी आहे ती स्मृतीची. त्यात फक्त शेवटचा आकडा राहतो. घरात एकच माणूस मोजणार असेल आणि वही ठेवणार असेल तर एवढं पुरतं. नाना आणि माय दोघंही मोजणार असतील, किंवा नाना आकडा ‘थोडा कमी’ करून लिहितात अशी शंका असेल, तर ३० किंवा ६० आकडे साठवणारं, दोघांचे वेगळे ठेवणारं मशीन घ्या. या एका सोयीसाठी चार-पाचशे रुपये जास्त मोजायला आमची हरकत नाही.

खोक्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली परवाना क्रमांक: २०२१ पासून बीपीची मशीन औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा परवाना छापलेला हवा. दुसरी, मशीनची शास्त्रीय चाचणी झाल्याचा उल्लेख. आयएसओ ८१०६०-२ हे ते मानक. त्यात किमान ८५ माणसांवर मशीनची तुलना करावी लागते आणि सरासरी फरक ५ अंकांच्या आत असावा लागतो. स्ट्राइड बीपी नावाच्या संकेतस्थळावर अशा तपासलेल्या मॉडेलांची यादी मोफत पाहता येते. दुकानात उभ्याउभ्या मोबाइलवर मॉडेलचा नंबर टाकून बघा. कंपनी नावाजलेली असली तरी प्रत्येक मॉडेल यादीत असतंच असं नाही, म्हणून नंबर महत्त्वाचा. तिसरी गोष्ट पट्ट्याचं माप, आणि त्यावर थोडं जास्त लिहिणं भाग आहे.

पट्टा

खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपरापर्यंत दंडाचा मध्य काढा. हात सैल सोडून त्या ठिकाणी शिंप्याच्या टेपने घेर मोजा. हा आकडा कागदावर लिहून दुकानात न्या. सोबत मिळणारा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. काही मशीनबरोबर २२ ते ४२चा रुंद पल्ल्याचा येतो. १७ ते २२चा लहान पट्टा वेगळा मागवावा लागतो.

माप चुकलं की आकडा चुकतो, आणि तो कुठल्या बाजूला चुकणार हेही ठरलेलं असतं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं वर दिसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, ज्यांना सगळ्यांत मोठा पट्टा लागतो अशांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचं बीपी सरासरी वीसच्या आसपास जास्त आलं. म्हणजे १२५ असलेल्या माणसाला १४५ सांगून आयुष्यभराची गोळी सुरू व्हायची. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर उलट, आकडा काही अंकांनी कमी दिसतो. आपल्याकडे दुसरी चूकही तितकीच लक्षात ठेवायला हवी. निंदणी-वेचणीत जन्म काढलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांचे दंड २२ सेंटिमीटरच्याही आत असतात. त्यांना नेहमीच्या पट्ट्याने १३६ दिसलं तर ते खरं १४० असू शकतं.

एका कंपनीचा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावू नका, नळीचं तोंड जुळलं तरी. कारण मशीनच्या आत आहे. हे मशीन डॉक्टरांसारखं ठोके ‘ऐकत’ नाही. पट्टा फुगून दंडाची धमनी दाबतो, मग हवा हळूहळू सुटते, आणि धमनीच्या प्रत्येक ठोक्याने पट्ट्यातल्या हवेला बसणारा बारीक हिसका मशीन मोजतं. हिसके सगळ्यांत मोठे असतात तिथे सरासरी दाब मिळतो. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून हिशेबाने काढलेला असतो, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनीचा आपापला, आपल्याच पट्ट्यावर बसवलेला.

यातूनच मशीनच्या बाकीच्या खोड्याही समजतात. मोजताना हात हलला, बोललं, खोकला आला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा चालत्या गाडीत मोजलं, तर ते हिसके मशीन ठोके समजतं. ठोके मुळातच अनियमित असतील, हृदयाचा तसा आजार असेल, तर लागोपाठचे आकडे एकमेकांपासून बरेच लांब येतात. तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि अनियमित ठोक्याची खूण वारंवार दिसली तर डॉक्टरांना ईसीजी काढायला सांगावं. ती खूण एखाद्या वेळी दिसली म्हणून घाबरण्याचं कारण नाही, हात हलल्यानेही ती उमटते.

बसायचं कसं

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी. संध्याकाळी जेवणाच्या आधी. त्याआधीचा अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू-चुना, मिस्री काही नको. निकोटीनने बीपी तेवढ्यापुरतं चढतं, आणि दाढेखाली तंबाखूची गोळी धरूनच मोजायला बसणारे पुष्कळ आहेत. शेतातून आल्या आल्या, पाण्याची कळशी उतरवल्या उतरवल्या मोजू नये.

बाजेवर बसून मोजू नका. बाजेला पाठ टेकायला काही नसतं, अंग सावरून बसावं लागतं आणि त्या ताणाने आकडा वाढतो. जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर टाकूनही नको. हात हृदयापासून जितका खाली, तितका आकडा वर: दर दहा सेंटिमीटरला सात-आठ अंक. मांडीवर टेकलेला हात पंधरा सेंटिमीटर खाली असतो असं धरलं तर दहा-बारा अंक फुकटचे वाढले. पाठ असलेली खुर्ची घ्या, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवा, पायावर पाय नको. हात टेबलावर टेका; टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी घातलेली गोधडी ठेवून पट्ट्याचा मध्य छातीच्या मधोमध येईल इतकी उंची करा. हात हवेत धरून ठेवला तर स्नायूंच्या ताणानेही आकडा चढतो, म्हणून टेकू हवाच. घरात खुर्चीच नसेल तर भिंतीला पाठ लावून बसा आणि हात धान्याच्या डब्यावर किंवा चौरंगावर टेका. मांडीपेक्षा ते कितीतरी बरं.

पट्टा उघड्या दंडावर. सदऱ्यावरून, लुगड्याच्या पदरावरून, स्वेटरवरून नाही. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवू नका, सरकवलेली बाही दंडाला आवळून बसते. सैल बाहीचा गाऊन घालून मोजा किंवा हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीच्या दोन बोटं वर, नळी तळहाताच्या बाजूला, आणि बांधल्यावर पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील एवढाच घट्ट. मग पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, ‘किती आलं, किती आलं’ विचारणारी नातवंडं बाहेर. बटण दाबा, तोंडातून शब्द काढू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं तो हात कायमचा ठरवा. दोन हातांत दहा-पंधरा अंकांहून जास्त फरक वारंवार दिसला तर तोही डॉक्टरांना दाखवायचा आकडा आहे, मशीनचा दोष समजून सोडू नका.

असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून द्या, कारण नवेपणाने आकडे वर असतात. राहिले सहा दिवस, रोजचे चार, म्हणजे चोवीस आकडे. वरच्यांची बेरीज करून चोवीसने भागा, खालच्यांची तशीच. घरच्या मापाने ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यातली १४०/९०ची रेघ घरी लावायची नाही, घरची रेघ पाच अंकांनी खाली आहे. वरचा किंवा खालचा, एक जरी आकडा रेघेवर असला तरी डॉक्टरांकडे जायचं. सात दिवस होऊन निदान झालं, गोळी सुरू झाली, की मग रोज मोजण्याची गरज नाही. पुढच्या भेटीच्या आधीचा आठवडा मोजला तरी चालतं. दिवसातून दहादा मोजणारी माणसं काळजीनेच आकडा वाढवून घेतात, त्यांच्या घरच्यांनी मशीन कपाटात ठेवावं.

गरोदर बाईसाठी हा सात दिवसांचा हिशेब लावू नये. तिथे १४०/९० एकदा दिसलं तरी थोड्या वेळाने पुन्हा मोजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि मशीनही गरोदरपणासाठी तपासलेलं असावं.

मोठा आकडा दिसला तर

१८०/१२० किंवा त्यावर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तितकंच आलं आणि छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, हातपाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, नजर अंधुक झालीये, यातलं काहीही असेल तर १०८ला फोन करा, सरासरी काढत बसू नका. असं काहीच नसेल तर घरातली चुकलेली गोळी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. जिभेखाली गोळी ठेवून किंवा कॅप्सूल फोडून बीपी झटक्यात उतरवायची जुनी पद्धत गावांत अजून चालते. ती धोक्याची आहे. अचानक पडलेल्या दाबाने मेंदूचं आणि हृदयाचं रक्त कमी पडतं आणि ज्याला टाळायचं त्याच लकव्याला ती बोलावते.

इथलं ऊन आणि मशीन

माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की मशीन १० ते ४० अंश तापमानात वापरावं. भुसावळ-जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वाईट स्थिती असते. तेव्हा दुपारी मोजूच नका. पहाटे आणि दिवे लागल्यावर मोजा, शक्यतो धाब्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत. मशीन गाडीच्या डॅशबोर्डवर, गच्चीच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या दिव्याशेजारी ठेवू नका. उन्हाने पट्ट्याच्या आतलं रबर कडक होतं, मग हवा झिरपते आणि पडद्यावर ‘ई’ची खूण येऊ लागते. ही खूण आली म्हणजे मशीन गेलं असं नाही. आधी नळी मुडपली आहे का बघा, पट्टा सैल आहे का बघा, सेल बदला. बहुतेक वेळा यातच दुरुस्ती होते.

कापसाच्या दिवसांत पट्ट्याच्या चिकटपट्टीत तंतू अडकून बसतात, ती धरेनाशी होते आणि फुगताना पट्टा सुटतो. जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ करा. पट्टा पाण्यात बुडवून धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. नळी मशीनभोवती आवळून गुंडाळू नका, मुळाशी चीर पडते. सेल अल्कलाइन घ्या, नवा-जुना मिसळू नका, आणि महिना-दोन महिने मोजणार नसाल तर काढून ठेवा. आत फुटलेल्या सेलच्या रसाने खराब झालेली मशीन फेकून द्यावी लागतात. ॲडॉप्टर बहुधा वेगळा विकतात. वीज जाण्याचं प्रमाण पाहता सेलवरच चालवलेलं बरं.

वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे सोबत न्या. एकाच हातावर आलटून पालटून त्यांचं आणि आपलं, असं मोजा. पाच अंकांच्या आतला फरक ठीक, दहाच्या वर सतत फरक असेल तर आधी पट्टा बदला, तरीही राहिला तर मशीन.

उन्हाचा परिणाम मशीनवरच होतो असं नाही. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, घाम जातो, आणि गोळी चालू असलेल्यांचं बीपी हिवाळ्यापेक्षा खाली येतं. लघवी वाढवणारी गोळी असलेल्या म्हाताऱ्यांना मे महिन्यात उठताना अंधारी येते ती यामुळे. अशा वेळी बसून मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. उभ्याने वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने पडत असेल तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर गोळीचा डोस ते कमी करतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मे महिन्यात बंद केलेली गोळी दिवाळीनंतरच्या थंडीतही बंदच राहते, आणि थंडीत बीपी चढतं.

वहीतला मीठ-मसाला

मशीन घेतल्याचा खरा उपयोग इथे होतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. घरचा हिशेब सोपा आहे: चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं, आणि यात बाजारचे फरसाण-वेफर धरलेलेच नाहीत. उन्हाळ्यात केलेले बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, वडे, कैरीचं लोणचं यांचं मीठही त्याच हिशेबातलं. पापडखारातही सोडियमच असतं. शेवभाजीत रश्श्याचं मीठ वेगळं आणि शेवेचं वेगळं. कळण्याच्या भाकरीला, भरताला नावं ठेवायचं काही कारण नाही. ज्वारी-उडीद, वांगं, पातीचा कांदा हे चांगलंच अन्न आहे. त्याच्यासोबत ताटात जो ठेचा, तळलेला पापड आणि लोणचं एकाच वेळी येतं, त्यातलं एकच ठेवा. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते बंद करा, हळूहळू जीभ सरावते.

मीठ कमी केल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवस मोजा. फरक वहीत दिसतो, आणि डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा वहीतल्या फरकाने माणसं जास्त लवकर पटतात.

रावेर-यावलची केळी इथे घराघरांत असतात आणि त्यांतलं पोटॅशियम बीपीला चांगलं. कमी सोडियमचं मीठही बाजारात मिळतं, त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. किडनीच्या रुग्णांनी केळीही विचारूनच खावीत.

वहीत आणखी एक रकाना ठेवा, दुखण्याच्या गोळीचा. गुडघे-कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊन खाणारे शेतमजूर गावोगाव आहेत. या गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा असर कमी करतात. ‘औषध चालू असून बीपी उतरत नाही’ या तक्रारीमागे कितीदा हेच निघतं.

मशीन परवडत नसेल तर

उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तीस वर्षांवरच्या कोणाचंही बीपी मोफत मोजतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या नेहमीच्या गोळ्याही मोफत मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचा भर नेमक्या ठरलेल्या थोड्या गोळ्या, रुग्णाची नोंद आणि चुकलेल्याला परत बोलावणं यावर आहे. ही सेवा वापरण्याजोगी आहे, आमचं मत चांगलं आहे. पण तिथेही आपण दोन गोष्टी सांभाळायच्या. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, उभ्याउभ्या बाहीवरूनच पट्टा बांधला जातो. दुसऱ्या एखाद्या दिवशी जा, पाच मिनिटं बसू द्या असं ताईंना सांगा, दंड उघडा करा. आणि गोळ्या संपायच्या आधी आठवडाभर जा, संपल्यावर नको.

सातपुड्याकडच्या पाड्यांवर, धडगाव-अक्कलकुवा भागात, उपकेंद्र डोंगरापलीकडे असतं. तिथे बचत गटाने मिळून एक मशीन घेणं सगळ्यांत शहाणपणाचं. लहान आणि मोठा असे दोन पट्टे त्याच कंपनीचे घ्या, मोजायचं काम एकाच शिकलेल्या बाईकडे द्या, आणि आकडे आशाताईंच्या नोंदवहीत उतरवा. सेलचा खर्च वर्गणीतून निघतो.

खरेदीच्या वेळी दोन-तीन दुकानं फिरा. २०२१ साली सरकारने या मशीनवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला होता, तरीही छापील किंमत आणि प्रत्यक्ष मागितलेली किंमत यांत दुकानागणिक फरक दिसतो. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकून घ्या. दुरुस्ती कुठे होते ते तिथेच विचारा. जळगाव किंवा धुळ्यात स्वीकारतात की नाशिक-पुण्याला पाठवावं लागतं, हे हजार-दोन हजार मोजण्याआधी कळलेलं बरं. आणि खोकं फोडून पट्टा तिथेच दंडाला बांधून पाहा. पट्ट्यावर छापलेल्या दोन खुणांच्या मध्ये त्याची कड आली तरच ते मशीन तुमच्या घरचं.